एक जूनच्या तीन मनीषा

भात कापून झालं की आमच्या भागात एक वास सुटतो. ओल्या पेंढ्याचा, उन्हाचा आणि थोडासा धुराचा. या वर्षी तो जरा लवकर आला. शेणवे गावाच्या पुढे आतल्या रस्त्याला स्कूटी वळवली आणि तो वास नाकात शिरला, तशी माझी मूठ हँडलवर आपोआप आवळली. भांडायचे दिवस आले हे माझ्या अंगाला माझ्याआधी कळतं.

या दिवसांत लोकांना सारवलेली खळी दिसतात, पेंढ्याच्या उडव्या दिसतात, मोकळ्या खाचरांत उतरलेले बगळे दिसतात. मला रस्त्याच्या कडेला उभा असलेला टेम्पो दिसतो. दिवाळी झाली, दुसऱ्यांच्या शेतावरची कापणी-झोडणी आटोपली की वरच्या पाड्यातली माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. टेम्पोत आधी भांडी चढतात, मग कोंबड्या, मग म्हातारी माणसं, आणि उरलेल्या जागेत पोरं. मी इथल्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका, लोकांच्या तोंडी सिस्टर. पाडा भरलेला असतो तोवर माझ्या हातात काहीतरी असतं. टेम्पो एकदा हलला की पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत माझ्याकडे नुसत्या याद्या उरतात, आणि ज्यांना लस टोचायची राहिली त्यांची नावं मला भाकरी मोडताना आठवत राहतात.

दोन वर्षांपूर्वीचा हाच मोसम मला विसरता येत नाही. तेव्हा मी बरंच भांडले. थोडी चूक माझीही होती, आणि ती मी पुढे सांगणारच आहे.

त्या वर्षी आम्हाला टॅब मिळाले. प्रशिक्षणाला आलेला तरुण मुलगा फार उत्साहानं बोलत होता. प्रत्येक मुलाचं नाव यात असेल, ज्याची लस राहिली ते नाव लाल दिसेल, दिली की हिरवं होईल, घरच्यांना आपोआप फोन जाईल, आता एकही मूल सुटणार नाही, असं तो म्हणाला. मागच्या बाकांवरच्या सिस्टर हसल्या. मी हसले नाही. माझं जुनं रजिस्टर पावसाळ्यात इतकं फुगायचं की त्याचं बांधणीचं कापड फाटलं होतं, आणि एकेक नाव शोधायला मला बोटाला थुंकी लावून पानं उलटावी लागायची. मला तो टॅब आवडला. अजूनही आवडतो. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला पाच अशी मुलं काढून दिली की जी माझ्या रजिस्टरात दोन पानांच्या मध्ये कुठंतरी हरवली होती. तेव्हा मी यंत्राच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतली बाई आहे असं कुणी समजू नये.

काम होतं सोळा वर्षांच्या मुलामुलींना टीडीची लस देण्याचं. धनुर्वात आणि घटसर्प, दोन्हींवरची एकच सुई. दहाव्या वर्षी एक आणि सोळाव्या वर्षी एक. दहा वर्षांची मुलं शाळेत रांगेत उभी करता येतात. सोळा वर्षांची, त्यातून पाड्यातल्या मुली, त्या शाळेत नसतात. त्या कुणाच्या तरी शेतात वाकलेल्या असतात, नाहीतर भट्टीवर अनवाणी चिखल तुडवत असतात. त्या चिखलात काचा असतात, खिळे असतात, आणि पायाला लागलं तर वर राख दाबून पुन्हा चिखलात उतरायचं असतं. लस खरी हवी ती यांनाच.

धनुर्वात हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकला होता. मुरबाडकडच्या आमच्या गावात माझ्या आत्याला कापणीत विळा लागला. पोटरीवर एवढीशी चीर. तिनं हळद दाबली आणि रांग पुरी केली. आठवड्याभरानं तिची दातखीळ बसली, पाणीसुद्धा घशाखाली जाईना. मी तेव्हा लहान होते, मला ओसरीवरून आत येऊ देत नव्हते, पण तिच्या पाठीची कमान झालेली मी दाराच्या फटीतून पाहिली. आत्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. कुणी तिला सुई द्यायला विसरलं असंसुद्धा म्हणता येत नाही, कारण विसरायला आधी नाव माहीत असावं लागतं. मला त्याचा राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो.

तर याद्या. पाड्यातल्या मुलामुलींची नावं शाळेच्या दाखल्यांवरून टॅबमध्ये भरायची होती. आमच्या आशा कार्यकर्त्या कमलताई आणि मी शाळेच्या ओट्यावर बसलो. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलेलं. कमलताई नावं वाचत होत्या, मी भरत होते; टॅबमध्ये बापाच्या नावाला रकाना नव्हता, म्हणून नुसतं नाव आणि आडनाव. मनीषा मुकणे, जन्मतारीख एक जून. भरलं. चार ओळींनंतर पुन्हा मनीषा मुकणे, एक जून. टॅबनं विचारलं, ‘या नावाची नोंद आधीच आहे. ही तीच व्यक्ती आहे का?’ खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

“तीच ओ, मुकण्यांची,” कमलताई म्हणाल्या. “भट्टीवरून आली की पुन्ना नाव घालतात शाळेत. दाबा होय, ऊन बघा किती झाला.”

पटण्यासारखंच होतं. मूल दिवाळीनंतर पटावरून उडतं आणि पावसाळ्यात पुन्हा चढतं, त्यामुळे एकाच मुलीची दोन-तीन ठिकाणी नोंद सापडणं इथं नेहमीचं. मी होय दाबलं. पुढच्या पानावर मनीषा मुकणे तिसऱ्यांदा आली. टॅबनं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा होय दाबलं. हीच माझी चूक. दोन्ही वेळा मी बोट उचललं तेव्हा मला काम हलकं झाल्याचं समाधान वाटलं होतं.

आता एक जूनबद्दल सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला वाटेल, या मुलखात सगळी बाळंतपणं त्या एका दिवशी होतात. तसं काही नाही. आई मूल घेऊन शाळेत जाते, गुरुजी जन्मतारीख विचारतात, आई म्हणते, काय ठाऊक गुरुजी, तुमीच लिवा. गुरुजी मुलाचे दात बघतात, उंची बघतात आणि वर्ष ठरवतात. दिवस मात्र ठरलेला, एक जून. शाळा त्याच्या आसपास सुरू होते, हिशेबाला बरं पडतं. म्हणून तर एकतीस मेला सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या निरोपाच्या हारांची टंचाई पडते. माझीही तारीख तीच. आई सांगायची, तू झोडणीच्या दिवसांत झालीस, मी खळ्यावरून घरी आले, हातपाय धुतले आणि तू झालीस. म्हणजे माझा खरा वाढदिवस याच पेंढ्याच्या वासात कुठंतरी आहे, आणि मला शुभेच्छा येतात त्या जूनच्या.

पाड्याची दुसरी गंमत फोनची. तिथं तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच नंबर होता, तो म्हणजे मुकादमाचा. मुकादम म्हणजे माणसं गोळा करून भट्टीवर नेणारा. राहायला खालच्या गावात, पण मोटरसायकलवरून रोज वर यायचा आणि कुणाचा निरोप असेल तो द्यायचा. रेशनला, शाळेत, दवाखान्यात, जिथं जिथं कागदावर मोबाइल नंबर मागितला तिथं तिथं लोकांनी त्याचा दिला. त्यामुळे टॅबमधून आठवणीचा फोन निघाला की तो सगळ्या पाड्याच्या वतीनं त्याच्या खिशात वाजायचा.

एकदा तो वैतागून उपकेंद्रात आला. “सिस्टर, ती तुमची बाई रोज सकाळी फोन करते. मी बोलतो, बाई, मी कामावर हाय, पोरीच्या बापाला सांगतो. पण ती माझा ऐकतच नाय, आपलाच बोलत बसते.”

“ती बाई नाही, रेकॉर्ड आहे.”

“असू दे. पण माणसानं दुसऱ्याचा ऐकून तरी घ्यावा.”

मी त्याला चहा दिला आणि त्या बाईतर्फे माफी मागितली.

लस द्यायचा दिवस उजाडला. पाड्यातल्या उंबराखाली लसींचा निळा डबा ठेवला, कुपी काढली, कमलताईंनी यादी वाचली. मनीषा मुकणे, म्हटल्याबरोबर एक मुलगी पुढे आली. दंड पुढे केला, तोंड फिरवलं, झालं. शेवटचं नाव हिरवं झालं तशी टॅबवर फुलं पडली. खरंच पडली, वरून खाली, रंगीत. ‘वस्ती पूर्ण. अभिनंदन.’ कमलताईंनी मला टाळी दिली. पाड्याचं नाव यादीतून खाली सरकलं आणि त्याच्यापुढे एक छोटं कुलूप आलं. कुपीत लस शिल्लक होती. ती मी डब्यात ठेवली आणि आम्ही भाकरी खायला बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी उपकेंद्राच्या दारात दोन मुली उभ्या राहिल्या. एक जरा पुढे, दुसरी तिच्या पाठीमागे, पदराच्या टोकाला गाठ मारत. दोघींच्या पोटऱ्यांवर कापणीच्या धसांचे ओरखडे होते.

“सिस्टर, माझी लस झाली का?” पुढचीनं विचारलं.

“नाव?”

“मनीषा मुकणे.”

मी टॅब उघडला. “झाली की गं.”

तिनं बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि दंड माझ्या टेबलावर ठेवला. “कुठं झाली? दाखवा.”

मी दंड पाहिला. मग उगाच दुसराही पाहिला.

“तुमी दिली ती विहिरीवरची मनी. मी टेकडीवरची मनी. ही धाकल्याची मनी. आमी दोघी तवा खर्डीला कापणीला गेलेलो. आली तर मुकादम बोलतो, तुझा फोन आला, तुझा झाला. मी बोलली, मला टोचला तर मला कळला नसता काय?”

मागची मुलगी हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला.

“ही बोलत नाय,” टेकडीवरची मनी म्हणाली. “पण हिची पण राहिली.”

मला ओट्यावरचं ऊन आठवलं, माझं बोट आठवलं. पाड्यात कुणी कुणाला मनीषा म्हणतच नाही. कमलताई तिघींना ओळखत होत्या, पण टेकडीची, विहिरीची, धाकल्याची म्हणून. कागदावर तिघी एक होतात हे कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. नाव एक, आडनाव एक, वर्ष एक, एक जून आणि मुकादमाचा नंबर. यंत्रानं मला सरळ विचारलं होतं, आणि मी दोनदा खोटं सांगितलं होतं.

“टेम्पो कधी?” मी विचारलं.

“शुक्रवारी सकाळी.”

तो मंगळवार होता.

लस तिथंच द्यायला काय हरकत होती, असं वाचणाऱ्याला वाटेल. कुपी त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. डबा संध्याकाळी आरोग्य केंद्रात परत जातो आणि कुठल्या वस्तीला कधी न्यायचा ते यादीवरून ठरतं. कुलूप लागलेल्या वस्तीला कुणी डबा देत नाही. मी तेव्हा अजून भोळी होते. मला वाटलं, जन्मतारखा नीट केल्या की तिघी सुट्या होतील. म्हणून मी त्या दोघींबरोबर पाड्यावर गेले आणि आयांना विचारत बसले.

टेकडीवरच्या मनीची आई सोमी कुडाला टेकून सूप पाखडत होती. ती म्हणाली, “ही ना? वरई खुडायला आलेली तवा. खुडलीच नाय त्या वर्षी, पाखरांनी खाल्ली.” विहिरीवरच्या मनीची आई म्हणाली की ती भट्टीवर झाली, भट्टीला पहिली आग लावली त्या दिवशी, आणि मुकादमानं आईला चार दिवस बसू दिलं. धाकल्याची मनी पावसानं कूड पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. आईनं हे सांगितलं तेव्हा न बोलणाऱ्या त्या मुलीनं मान वर केली. तिला ते माहीत नव्हतं.

मी सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. अजून ते पान माझ्याकडे आहे. टॅबमध्ये तारखेच्या रकान्यात दिवस, महिना आणि वर्ष एवढंच मावतं. पाखरांनी वरई खाल्ली ते वर्ष कुठल्या रकान्यात घालायचं, हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. आणि आधारवर जे आहे तेच भरायचं असा नियम होता. आधारवर तिघी एक जूनच्याच होत्या.

बुधवारी मी रजा टाकली नाही, कुणाला विचारलं नाही, स्कूटी काढली आणि थेट आमच्या वरच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर फायली होत्या, डोक्यावर न फिरणारा पंखा होता आणि समोर मी होते. मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं.

“सिस्टर, वस्ती पूर्ण झाली. आकडा वर गेला. आता तो मी खाली कसा आणू?”

“आकडा खाली नका आणू साहेब. दोन मुली वर घ्यायच्या आहेत.”

“मग द्या ना लस. मी केंद्रात फोन करतो, डबा मिळेल तुम्हाला. द्या आणि तुमच्या वहीत लिहून ठेवा. टॅबला कशाला हात लावता? हिरवं आहे ते राहू दे हिरवं.”

खरं सांगते, क्षणभर मला मोह पडला. काम होत होतं. मुलींना सुई मिळत होती, माझी चूक झाकली जात होती, साहेबांचा आकडा शाबूत राहत होता. सगळ्यांचं भलं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग मला आत्या आठवली, आणि ती कुठल्याच यादीत नव्हती हे आठवलं. या दोघीही तशाच राहणार होत्या. पुढे कुठली नवी लस येईल, रक्ताची तपासणी येईल, गोळ्या येतील, आणि प्रत्येक वेळी तिघींत मिळून एकीलाच मिळतील. टॅबवर फुलं पडत राहतील.

“नाही,” मी म्हणाले. “वहीत नाही. टॅबमध्येच. उद्या यातल्या एकीला मूल झालं तर तिघींना झालं म्हणून लिहाल का?”

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला खोकला आला. साहेबांचा आवाज चढला. “अहो, नाव एक, तारीख एक, फोन एक. मशीननं समजायचं तरी काय?”

“साहेब, तुमची जन्मतारीख काय?”

“त्याचा काय संबंध?”

“सांगा तर.”

त्यांनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, “एक जून.”

“माझीही एक जून.”

“माझी पण,” कारकून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“तुमच्या आईनं काय सांगितलं होतं?” मी साहेबांना विचारलं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “आई म्हणायची, नदीला पूर आला होता. बाबा पलीकडे अडकले होते, दोन दिवसांनी आले.” मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “एक जूनला कुठला आलाय पूर.”

“आपल्या तिघांनाही एक करून टाकलं असतं, तर पगार कुणी घेतला असता?”

आता कारकून उघडच हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला. कुलूप काढायला त्यांना फार वेळ लागला नाही. एवढ्याशा कामासाठी आम्ही तासभर भांडत होतो. तरीही ते म्हणाले, “उघडून दिलं. पण तारीख बदलता येणार नाही. वेगळी नोंद घ्यायची तर निदान मोबाइल नंबर वेगळा लागेल. आहे का त्यांच्याकडे दुसरा नंबर?”

“माझा घालते.”

“तो पालकांचा लागतो.”

“मग मला पालक लिहा.”

“असं चालत नाही, सिस्टर.”

“तीन मुलींची एक करून चालतं, आणि हे चालत नाही?”

त्यांनी कॉम्प्युटर बाजूला सारला आणि पुढची फाईल उघडली. शेवटी म्हणाले, “हे मी ऐकलेलं नाही.” मी नमस्कार केला आणि त्यांचं मन बदलायच्या आत बाहेर पडले.

गुरुवारी पाड्यात बांधाबांध चालू होती. टेम्पो आदल्या दिवशीच येऊन उभा राहिला होता, त्याच्या फळीवर मी निळा डबा ठेवला. सोमीला विचारलं, तुझ्या मनीच्या नावापुढे माझा फोन नंबर घालू का? ती म्हणाली, “घाल गो बाय तुजा. तुजा लागतो तरी.” धाकल्याच्या मनीसाठी कमलताईंनी आपला नंबर दिला. ओट्यावरचं ऊन त्यांनाही टोचत होतं.

मी नाव भरलं. मनीषा मुकणे. एक जून. टॅबनं विचारलं, ‘या नावाची नोंद आधीच आहे. ही तीच व्यक्ती आहे का?’

कमलताई माझ्या खांद्यावरून वाकल्या. “नाय म्हणा. जोरात म्हणा.”

टॅबला जोरात काही सांगता येत नाही, पण मी बोट असं दाबलं की काचेवर ठसा उमटला. नाही. मग वेगळा नंबर मागितला, तो भरला. नवी ओळ आली, लालभडक. असा सुंदर लाल मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मग दुसरी ओळ, तीही लाल. पूर्ण झालेली आमची वस्ती अपूर्ण झाली, आणि मला ताठ उभं राहावंसं वाटलं. टेकडीवरची मनी बाही वर सारून तयारच होती. धाकल्याची मनी घाबरली होती. पहिलीनं तिचा हात धरला आणि तिला माझ्यापुढे केलं. “हिला आधी द्या. नायतर पुन्ना तुमी माझीच दोनदा लिवाल.”

मुकादम बाजूला उभा राहून बघत होता. “सिस्टर, माझा नंबर काढा सगळ्यांचा,” तो म्हणाला. “ती बाई तरी माझी पाठ सोडंल.”

त्याला गंमत करायची होती, पण मी त्याचं म्हणणं धरून बसले. ज्या ज्या घरात नाव आणि तारीख जुळत होती, तिथं तिथं आयांना विचारून नंबर बदलले. काहींना माझा, काहींना कमलताईंचा, एक उपकेंद्राच्या टेबलावरच्या फोनचा. आमच्या मदतनीस बाईंनीही आपला दिला. वरून दोनदा विचारणा झाली की एवढ्या पोरींच्या पालक या बायका कशा. मी दोन्ही वेळा लेखी कळवलं की साहेब, त्यांच्यापाशी फोन आला की आम्ही पालकपदावरून उतरू.

तेव्हापासून ती रेकॉर्डवाली बाई माझ्याशी बोलते. सकाळी भाजी चिरताना फोन वाजतो आणि ती ठसक्यात सांगते, ‘नमस्कार. आपली मुलगी अमुक हिची लस देय आहे.’ पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझा थोरला मुलगा समोर चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, “आई, आपली मुलगी?” मला दोन मुलगेच. मी म्हटलं, असते एकेकीची. मग मला कारण नसताना रडू आलं, आणि कांदा चिरत नव्हते त्यामुळे लपवताही आलं नाही.

यंत्रावर माझा राग नाही हे मी पुन्हा सांगते. त्यानं विचारायचं तेवढं विचारलं होतं. चिडायचं तर मी माझ्यावर चिडते, आणि हिरवं झालं म्हणजे झालं असं समजणाऱ्या प्रत्येकावर चिडते. माझ्या सोबतच्या एक-दोघी म्हणतात, तू उगाच लाल वाढवतेस, महिन्याच्या बैठकीत बोलणी खातेस. खाते. बैठकीतल्या खुर्च्या तशाही टोचतात. पाड्यातली एक मुलगी दंड टेबलावर ठेवून ‘दाखवा’ म्हणू शकते, तर माझ्याएवढी नोकरी झालेल्या बाईनं चार बोलणी ऐकायला काय झालं?

आज पेंढ्याचा तोच वास घेत मी उपकेंद्र उघडलं, तर पायरीवर टेकडीवरची मनी बसलेली. दोन वर्षांत उंच झाली आहे, अंगावर मोरपंखी ड्रेस. सोबत धाकटी बहीण सुनीता, दोन वेण्या, हातात चिंचेचं बोटूक. टेम्पो परवा निघणार. मी विचारलं, या वर्षी पण भट्टीवर? “जायला तर लागतंय,” ती म्हणाली. “पण पयली हिची सुई.” सुनीता दहाची झाली होती, आणि शाळेत लस दिली त्या दिवशी ती मामाकडे होती.

मी टॅब उघडला. पाड्यात सुनीता मुकणे आणखी एक आहे, ती मला माहीत होती. मी नाव भरलं. जन्मतारीख विचारायच्या आधीच मनी म्हणाली, “हिची पण गुरुजींनी एक जूनच घातली. खरी तर ही कोंबडीनं बारा पिलं काढली त्या दिवशीची.” सुनीता लाजली. मी एक जून भरलं. टॅबनं आपला प्रश्न विचारला. मनी सहावीपर्यंत शिकली आहे. माझ्या शेजारी येऊन तिनं तो अक्षर अक्षर लावत, मोठ्यानं वाचला. ही, तीच, व्यक्ती, आहे, का.

मी बोट पुढे नेलं, पण तिचं आधी पोचलं होतं. तिनं ‘नाही’ दाबलं.

टॅबनं वेगळा नंबर मागितला. मी सवयीनं माझा घालायला लागले, तसा तिनं माझा हात धरला. ड्रेसच्या खिशातून काच तडकलेला एक फोन काढला आणि टेबलावर, दोन वर्षांपूर्वी दंड ठेवला होता त्याच जागी, ठेवला.

“तुमचा नको, सिस्टर,” ती म्हणाली. “माझा लिवा.” आणि तिनं एकेक आकडा सुटा करून, मला चुकायला जागा न ठेवता, सांगायला सुरुवात केली.